अजून पिकाक नाय?

काल भर दुपारी साडेबाराला, देवगडच्या कातळावर उभं राहून मी एकच आंबा एकवीस वेळा हुंगला. पिकलेला होता. पहिल्याच हुंगण्यात सांगितलं होतं मी तसं. माझं वय चोपन्न, त्यातली तीस वर्षं आंबा विकण्यात गेली. पण आमच्या मार्केटिंगमधली तेवीस वर्षांची मुलगी मोबाइल रोखून म्हणत होती, "सर, हुंगताना डोळे मिटा ना. थोडं खरं वाटू दे."

थोडं खरं!

हे सगळं ऑफिसच्या नव्या खुळापायी. रिव्हर्स मेंटॉरिंग म्हणतात त्याला, म्हणजे धाकट्यानं थोरल्याला शिकवायचं. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्चनी १९९९ साली आपल्या ५०० बड्या अधिकाऱ्यांना इंटरनेट शिकायला तरुणांच्या हाताखाली दिलं, तेव्हापासूनचं. त्या ५०० जणांना पाय भाजत नव्हते, एवढं मी खात्रीनं सांगतो.

आठव्या-नवव्या टेकला मागून खाकरल्याचा आवाज आला. गडग्यावर शेजारच्या वाडीतले एक तात्या बसले होते. कमरेला पंचा, डोक्यावर टॉवेल, तळहातावर तंबाखू. कधीपासून बसले होते देव जाणे.

"काय रे," तात्या म्हणाले, "मगासपासून बघतंय. नऊ येळा हुंगलस. अजून पिकाक नाय काय तो?"

"पिकलाय हो तात्या. शूटिंग चाललंय."

"मगे हुंगतंस कित्याक?"

मुलगी म्हणाली, "आजोबा, जरा गप्प राहाल का? आवाज येतोय."

तात्या गप्प बसले. साधारण दोन टेक. मग चुना मळता मळता, अगदी काळजीच्या सुरात, "तुका सर्दी झाली हा काय रे?"

मी आंबा खाली केला. मुलगी तोंड दाबून हसत होती. तात्या मात्र गंभीर. ते उठून जवळ आले, माझ्या हातातून आंबा घेतला, उलटा केला, देठाकडची बाजू माझ्या नाकाला लावली आणि म्हणाले, "हयसून हुंग." मी कुठून हुंगत होतो? बुडाकडून. कारण कॅमेऱ्यात देठ काळा दिसतो, असं बाईंचं म्हणणं. तीस वर्षं आंब्यात काढलेला माणूस बुडाकडून आंबा हुंगताना पकडला गेला, तोही तात्यांकडून. मग तात्या मुलीकडे वळले. "ह्येका ह्येचो पगार गावता?"

गावतो, तात्या. हल्ली ह्याचाच गावतो.

मुलगी वाईट नाही, हे इथेच सांगतो. पहिल्याच आठवड्यात तिला लाइव्हवर आंबा कापायचा होता. मी म्हटलं, साका निघाला तर? "साका म्हणजे?" म्हणजे बाहेरून सोन्यासारखं फळ, आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर. सालीवरून कळत नाही. तिनं हट्टानं सहा फळं कापली, दुसऱ्यातच साका. लगेच वहीत लिहून घेतलं. पोस्टरवर तिनं भौगोलिक मानांकन एकट्या देवगडच्या नावावर टाकलं होतं, तेही मी सुधारलं. २०१८ साली हापूसला मिळालेलं ते मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांचं आहे. मालवणच्या बागवाल्यानं फोन करून आमची आई-बहीण काढली असती.

पण आमच्या मॅनेजमेंटला हे शिकवणं दिसत नाही. तिनं शिकवलेल्याचे व्ह्यूज मोजता येतात. वाशीहून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की भाडं-हमालीच्या कुठल्या आकड्यावर बोट ठेवायचं, ते शिकायला मला दहा सीझन लागले; त्याला लाइक कोण देणार? आणि तिचं तरी काय भलं झालंय? माझ्या निम्म्या पगारात ती रात्री अकराला "पेटी केवढ्याला?" अशा कॉमेंटना उत्तरं देत बसते. मी सहाला छत्री घेऊन निघतो. (हो, एप्रिलमध्येही. ऊन असतं.) यावर मॅनेजमेंटनं कोणाला कोणाकडून काही शिकायला सांगितलेलं नाही.

असो. रील रात्री गेलं. माझे एकवीसच्या एकवीस टेक तिनं बाजूला टाकले. वापरला तो तुकडा, ज्यात मी आंबा खाली करून तोंड वाकडं केलंय आणि मागून आवाज येतोय, "तुका सर्दी झाली हा काय रे?" सकाळपर्यंत मुंबईच्या माझ्या मेहुणीपर्यंत पोचलं होतं. वाशीच्या आमच्या दलालानं तर पेट्यांचा भाव सांगायच्या आधी विचारलं, "वाफ घेताय ना?"

आज दहाच्या मीटिंगमध्ये ठरलं, पुढची चार रीलं तात्यांवर. मानधन दोन पेट्या. तात्यांनी होकार कळवलाय, पण म्हणे, "त्या सर्दीवाल्याक जवळ उभो करू नुको."

तेव्हा मी लांब उभा राहून रिफ्लेक्टर धरायचाय. तो कसा धरतात, ते मुलगी मला उद्या साडेनऊला शिकवणार आहे.