‘नाशकात बसून हळहळणं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

उत्तर आयर्लंडमध्ये १९७४ साली प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक पक्षांनी मिळून चालवलेल्या संयुक्त सरकारवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली : ‘नाशकात बसून बेलफास्टसाठी हळहळणं सोपं आहे. ते सरकार वरून लादलेलं होतं, दोन महिन्यांत लोकांनी १२ पैकी ११ जागांवर ते नाकारलं, संपाने फक्त तिरडी उचलली. लेख भाबडा आहे.’

एक गोष्ट आधीच मान्य करतो. जून १९७३मध्ये तिथली ७८ जागांची विधानसभा कशी निवडली गेली, ते मी लेखात सांगितलं नव्हतं. ती पसंतीक्रमाच्या मतदानाने निवडली गेली, आपले आमदार राज्यसभेसाठी मतदान करतात तसं. हे सांगायला हवं होतं, तुम्ही ते विचारलं नसलंत तरी. तेवढं सोडून लेखातलं एकही वाक्य मी मागे घेत नाही.

आता ‘नाशकात बसून’. हे वाक्य उद्धट आहे आणि मी त्याला उद्धटच म्हणणार. माणूस जिथे राहतो तिथेच बसून वाचतो आणि लिहितो. तुम्हीही प्रतिक्रिया बेलफास्टच्या गोदीतून लिहिलेली नाही. माझं वाचन कमी पडलं असेल तर कुठे ते दाखवा, पुस्तक सांगा, तारीख चुकली असेल तर दुरुस्त करा. गावाचं नाव काढून माणसाला गप्प करायचं ही वादाची रीत नव्हे.

आणि गावाचं नाव काढलंच आहे तर ऐका. आमचं घर पंचवटीतलं. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे पाच वर्षं चालला. त्याच्या हकिकती मी दोन्हीकडून ऐकत वाढलो. दरवाजे आतून लावून घेणाऱ्यांची नातवंडं माझ्या वर्गात होती आणि बाहेर उन्हात बसलेल्यांचीही. रामनवमीचा रथ एकच, त्या दिवशी झालेली मारामारी एकच, पण दोन घरांत सांगितली जाणारी गोष्ट इतकी वेगळी की दोन गावांतली वाटावी. दुभंगलेला समाज म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. म्हणूनच, एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं जेव्हा एका टेबलाशी बसून घरभाडं आणि शाळा यांवर निर्णय घेतात, तेव्हा मला ते फार मोठं वाटतं. याला तुम्ही हळहळ म्हणा.

तिरडीबद्दलही बोलू. माझी उभी नोकरी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात गेली, त्यातली बरीच वर्षं कंट्रोल रूमच्या शिफ्टमध्ये. या सरकारविरुद्ध प्रॉटेस्टंट कामगारांनी पुकारलेला मे १९७४चा तो संप जिंकला गेला तो वीज केंद्राच्या जोरावर, लार्नजवळच्या बॅलिलम्फर्डच्या. तिथले कामगार बहुतेक सगळे प्रॉटेस्टंट, आणि त्यांनी केंद्र एकदम बंद केलं नाही. उत्पादन पायरीपायरीने खाली आणलं. याचा अर्थ पॅनेलसमोर उभा राहिलेला माणूसच सांगू शकेल. निर्मिती कमी आणि मागणी जास्त झाली की फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरायला लागते, काटा डोळ्यांदेखत उतरतो, आणि मग फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या, कापाव्या लागतात. कोणता फीडर चालू ठेवायचा हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात दवाखाना, दूध डेअरी, पाण्याचे पंप, सांडपाण्याचे पंप. बॉयलर एकदा थंड पडला की परत संच उभा करायला तासन्‌तास जातात, आणि ते काम संगिनी घेतलेल्या शिपायाला जमत नाही. लंडनच्या मंत्र्यांना हे कुणी तरी सांगत होतं, म्हणूनच ते घाबरले. ज्यांच्या हाती स्विच होता त्यांनी सरकार पाडलं. जिवंत माणसाला गळा दाबून मारल्यावर ‘फक्त तिरडी उचलली’ असं म्हणत नाहीत.

शिवाय संपाचा पहिला दिवस आठवा. १५ मेच्या सकाळी बरेचसे लोक नेहमीप्रमाणे कामावर गेले होते. दुपारी हार्लंड अँड वुल्फच्या गोदीत सभा झाली आणि कामगारांना सांगण्यात आलं की गाड्या इथेच राहिल्या तर जाळल्या जातील. मग रस्त्यारस्त्यांवर यूडीए या प्रॉटेस्टंट सशस्त्र संघटनेची तोंड झाकलेली पोरं दंडुके घेऊन उभी राहिली. लष्कर बघत उभं होतं. १७ मेला डब्लिन आणि मोनाहनमध्ये बॉम्ब फुटले, ३३ माणसं गेली. २१ मेला ब्रिटिश कामगार संघटनांचे नेते लेन मरी ‘कामावर चला’ म्हणत मोर्चाच्या पुढे चालले, मागे जेमतेम दोनशे माणसं. मग २५ मेला ब्रिटिश पंतप्रधान विल्सन टीव्हीवर येऊन संपवाल्यांना फुकटे म्हणाले आणि कुंपणावर बसलेले प्रॉटेस्टंटही पलीकडे गेले. यातलं काहीही विधिलिखित नव्हतं.

‘लादलेलं’ म्हणता, तर त्या टेबलाशी कोण बसलं होतं ते बघा. मुख्य कार्यकारी फॉकनर, युनियनिस्टांचे, म्हणजे ब्रिटनशीच जोडलेलं राहू पाहणाऱ्या प्रॉटेस्टंटांचे नेते. ऑगस्ट १९७१मध्ये उत्तर आयर्लंडचे पंतप्रधान असताना माणसांना खटल्याविना तुरुंगात टाकण्याचा कायदा याच गृहस्थांनी वापरला. त्याच्या निषेधार्थ एसडीएलपी या मुख्यतः कॅथलिकांच्या पक्षाने कॅथलिक भाडेकरूंना घरभाडं भरू नका म्हणून सांगितलं. १ जानेवारी १९७४पासून तेच एसडीएलपीवाले फॉकनरचे सहकारी झाले : गेरी फिट उपप्रमुख, जॉन ह्यूम व्यापार खात्यावर, ऑस्टिन करी गृहनिर्माणावर. आणि भाडं न भरणाऱ्यांवर जादा आकार बसवायची पाळी करींवरच आली, ज्यांनी स्वतः तो असहकार पुकारला होता. आपल्याच माणसांच्या शिव्या खात त्यांनी ते केलं. मताधिकार असलेल्या ११ जणांच्या मंत्रिमंडळात सहा युनियनिस्ट, चार एसडीएलपी, एक दोन्ही समाजांच्या अलायन्स पक्षाचा, आणि पाच महिने कारभार चालला. लादलेली माणसं इतकं स्वतःच्या अंगावर घेत नाहीत.

बिघडलं ते या सरकारचा पाया असलेल्या सनिंगडेल करारातल्या ‘कौन्सिल ऑफ आयर्लंड’ या संयुक्त मंडळावरून, डब्लिनला, म्हणजे शेजारच्या स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारला, त्यात जागा दिली यावरून. फॉकनरच्या स्वतःच्या पक्षाच्या कौन्सिलने ४ जानेवारीला ते ४२७ विरुद्ध ३७४ मतांनी झिडकारलं. हे माझ्या लेखात होतं, तुम्ही वाचलेलं दिसत नाही. सत्तेत वाटा देणं आणि डब्लिनला दार उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्या एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या.

१२ पैकी ११ जागांचं, म्हणजे फेब्रुवारी १९७४च्या निवडणुकीचं : करारविरोधकांची मतं ५१ टक्क्यांच्या आसपास होती. तुम्ही जागा मोजता, मी मतं. शिवाय ती निवडणूक तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान हीथ यांनी खाण कामगारांच्या संपावरून लावलेली वेस्टमिन्स्टरची, म्हणजे ब्रिटिश संसदेची होती. स्थानिक विधानसभेत १४ मेला, म्हणजे संपाच्या आदल्या दिवशी, कराराविरुद्धचा ठराव ४४ विरुद्ध २८ ने पडला. या मुद्द्यावर याहून जास्त वेळ घालवायची माझी इच्छा नाही.

‘भाबडा’ला उत्तर देत नाही. वयाने तुम्ही माझ्याहून लहान असाल असं भाषेवरून वाटतं, चुकत असेन तर सांगा. पण पुन्हा लिहाल तेव्हा विशेषणं बाजूला ठेवा आणि एवढंच सांगा : २७ मेला ह्यूम यांच्या इंधनपुरवठ्याच्या आराखड्याप्रमाणे लष्कराने २१ पेट्रोल पंप ताब्यात घेतले, आणि दुसऱ्या दिवशी फॉकनरनी राजीनामा दिला. जे लष्कर २७ तारखेला पंप ताब्यात घेऊ शकत होतं, त्याने १६ तारखेला रस्त्यावरचे अडथळे का उचलले नाहीत?