हौद, प्रोसिडिंग आणि मी

कोल्हापुरात 'लॉज' म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न टाकतो, "एसी का नॉन-एसी?" अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांची सोय, सकाळी सहा ते आठ गरम पाणी, यापलीकडे आमचा लॉजशी संबंध नाही. पण जगात दुसऱ्या जातीची लॉज असते. फ्रीमेसन लोकांची. फ्रीमेसन म्हणजे एका जुन्या बंधुसंघटनेचे सभासद, आणि लॉज म्हणजे त्यांची शाखा. १७१७ साली लंडनमध्ये चार लॉज एकत्र आल्या आणि पहिली ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या शाखांच्या वरची संस्था, झाली. भारताची स्वतःची ग्रँड लॉज १९६१ ची. नाव आणि खुणा मूळच्या गवंड्यांच्या, म्हणून निशाणी गुण्या आणि कंपास, आणि अंगावर पांढरा एप्रन. दाराबाहेर तलवार घेऊन एक पदाधिकारी उभा असतो, परका माणूस आत येऊ नये म्हणून.

आमच्याकडे याला तालीम मंडळ म्हणतात. दाराबाहेर तलवार नसते, चपलांचा ढीग असतो. तोच ओलांडून परका माणूस येत नाही.

मी अशा एका तालमीचा सेक्रेटरी आहे. फ्रीमेसनांच्या लॉजमध्ये सेक्रेटरीच्या गळ्यात दोन आडव्या-तिडव्या लेखण्यांचं पदक असतं आणि खजिनदाराच्या गळ्यात किल्लीचं. आमच्याकडे लेखणी सेक्रेटरीची आणि किल्लीही सेक्रेटरीचीच. खजिनदाराकडे फक्त मत असतं. किल्ली ज्याच्याकडे, त्याला पहाटे साडेचारला फोन. पोरं लंगोट कसून दारात उभी असतात, आणि पैलवान माणूस थंडीत उभा राहिला की दार वाजवत नाही, दार हलवतो.

आता हौदाकडे, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याकडे येऊ, कारण संस्थेची घटना कागदावर असली तरी कारभार मातीवर चालतो. आमचा हौद २० बाय २० फूट, दोन फूट खोल. म्हणजे ८०० घनफूट, म्हणजे ८ ब्रास. पण माती बसते, म्हणून ९ ब्रास मागवायची. तांबडी, भुसभुशीत, शेतातल्या वरच्या थराची नको, तीत मुळ्या फार. आल्या आल्या हौदात ओतायची नाही. आधी जाळीवर चाळायची. इथं कंटाळा केला की बारीक खडा राहतो आणि तो नेमका चांगल्या पैलवानाच्या गुडघ्याला सापडतो. चाळलेल्या मातीत १०० लिटर ताक, १५ किलोचे चार डबे तेल, २५ किलो हळद, पाचशे लिंबांचा रस, दोन किलो कापूर, रंगाला काव, आणि वाळवून चुरलेला कडुलिंबाचा पाला. तेलानं धूळ धरते, हळद आणि कडुलिंबाचा पाला खरचटल्यावर कामी येतात, कापूर वासासाठी. आणि वास लागतोच, कारण ताक घातल्यावर पुढचे चार दिवस तालमीच्या बोळातून जाणारी माणसं नाकाला रुमाल लावतात आणि शेजारच्या काकू "तुमच्यात काय नासलंय का?" म्हणून विचारून जातात.

प्रमाणावरून भांडण ठरलेलं. तेल जास्त झालं तर माती अंगाला चिकटते आणि पकड मात्र निसटते. कमी झालं तर दोन कुस्त्यांत हौदावर ढग. पाणी किती, याची खूण वस्ताद सांगतात: मूठभर माती घट्ट दाबायची, गोळा झाला पाहिजे, तोच गोळा कमरेच्या उंचीवरून सोडायचा, फुटला पाहिजे. गोळाच झाला नाही तर पाणी कमी, पडूनही अख्खा राहिला तर जास्त. एवढं सोपं आहे. फक्त तालमीत चौदा जण चौदा गोळे करतात, आणि प्रत्येकाची कंबर वेगळ्या उंचीवर.

शिवाय हे एकदा करून भागत नाही. हौद रोज उकरावा लागतो. दोन दिवस फावडं नाही लागलं तर माती तळ धरते, आणि तिसऱ्या दिवशी धोबीपछाड खाणारा सिमेंटवर पडल्यासारखा आवाज काढतो. पावसाळ्यात ओल धरून पांढरी बुरशी येते, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवून वर-खाली करत राहणं हा एकच उपाय. फ्रीमेसनांत तीन पायऱ्या असतात: शिकाऊ, कारागीर आणि मास्टर. आमच्यातही तीनच. पहिला पाणी मारतो, दुसरा फावडं मारतो, तिसरा कट्ट्यावर बसून "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणतो. तिसऱ्या पायरीवर बढती आपोआप होते, पोट सुटलं की.

आता मॅट आली आहे. मोठ्या स्पर्धा मॅटवर, म्हणून पोरांना मॅट पाहिजेच, यात वाद नाही. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन विभाग असतात. वाद जागेचा. स्पर्धेची मॅट १२ मीटर बाय १२ मीटर, म्हणजे बाजू ३९ फुटांच्या वर. आमचा हॉल ३० फूट. मग तुकडे काढून बसवायचे, वर कव्हर ताणायचं. कव्हर ढिलं राहिलं की सुरकुती पडते, सुरकुतीत अंगठा अडकतो आणि घोटा जातो. मातीला कष्ट लागतात पण ती स्वभावानं माफ करणारी. मॅट रोज जंतुनाशकानं पुसली नाही तर आठवड्यात एकाचा नायटा सगळ्यांचा होतो. पुसायचं कोणी, याची ड्युटी यादी मी लावली आहे. यादी भिंतीवर आहे. फार सुंदर अक्षर आहे माझं.

सभेचं वेगळं. फ्रीमेसनांच्या लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर बोलायला बंदी आहे. हा नियम आमच्या कट्ट्यावर लावला तर उरलेला विषय एकच, फुटबॉल, आणि पेठा-पेठांतल्या चुरशीमुळं त्यावर तर पेठेत बोलूच नये. त्यांच्यात नवा सभासद घ्यायचा झाला की गुप्तपणे गोळ्या टाकतात, पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. आमच्यात काळ्या गोळीला "बघूया की" म्हणतात. कोल्हापुरात "नाही" कोणी म्हणत नाही. "बघूया की" एकदा आलं तर आशा आहे, दोनदा आलं तर अर्ज फाडायला हरकत नाही.

वार्षिक सभेची नोटीस मीच काढतो. पाच वाजता सभा. गणसंख्येअभावी तहकूब झाल्यास साडेपाचला त्याच जागी, आणि त्या सभेस गणसंख्येची अट नाही. हे वाक्य सगळ्यांना तोंडपाठ असल्यामुळं पाच वाजता मी आणि मारुती दोघंच असतो. साडेपाचला भज्यांचा वास सुटला की सभागृह भरतं. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, हा पहिला विषय. ते कोणी ऐकत नाही, पण मध्ये एक ओळ गाळली तर नेमकी तीच धरतात. शेवटचा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय', आणि खरी सभा तिथून सुरू होते. पहिले पाच विषय वीस मिनिटं, ऐनवेळचा एक विषय दोन तास.

अलीकडचा ऐनवेळचा विषय म्हणजे मुलींना तालीम खुली करायची का. आमच्यात कुठलंही भाषण शाहू महाराजांपासून सुरू होतं. रोमचं कलोसियम पाहून आलेल्या महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं, कुठंही बसा, कुस्ती दिसते, ही त्याची करामत, हे सांगून एक गट म्हणतो, "तवापास्नं परंपरा हाय, मोडू नगा." दुसरा गट उठतो आणि म्हणतो, त्याच महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते काय पोरांपुरतं? माझं मत दुसऱ्या गटाकडं आहे. पण सेक्रेटरीला मत नसतं, त्याला फक्त वेगळी वेळ, वेगळं कपडे बदलण्याचं दालन आणि दाराला आतून कडी यांचं अंदाजपत्रक करायचं असतं. आडकाठी मारुतीरायाची नव्हती, त्या कडीच्या खर्चाची होती, हे प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, लिहिलेलं नाही.

हिशेबाची कथा थोडक्यात. पावती पुस्तक शंभर पानांचं, स्थळप्रतीसह. गणपतीत बारा पुस्तकं बाहेर जातात, अकरा परत येतात, बारावं कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत रेनकोटाखाली असतं. ५०१ ची पावती फाडलेली आणि मोबाईलवर आलेले ५००. वरचा रुपया कुठं गेला, यावर ऑडिटरपेक्षा कट्ट्यावरचे आण्णा कडक. क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच लावावा, कुणा उत्साही कार्यकर्त्याच्या खात्याचा लावू नये. मंडळाचा पैसा त्याच्या घरच्या वीजबिलात मिसळला की तो वेगळा काढायला वस्तादही कमी पडतात.

याहून अवघड धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातलं काम. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो: सभेची नोटीस, ठरावाची प्रत, नव्यांची संमतीपत्रं, गेलेल्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला. मुदत उलटली की विलंब माफीचा वेगळा अर्ज. आणि ती उलटतेच, कारण आमच्यात मागचे तीन सेक्रेटरी "बघूया की" म्हणून गेले. त्यामुळं कागदोपत्री तालीम अजून अशा लोकांच्या ताब्यात आहे, ज्यांच्या फोटोंना दर शनिवारी मी हार घालतो.

फ्रीमेसनांत आजारी सभासद, विधवा, पोरकी मुलं यांच्याकडं बघायला स्वतंत्र पदाधिकारी असतो. आमच्या घटनेत असं पद नाही. पण पेठेत कुणाच्या घरी माणूस गेलं की गणसंख्या न मोजता सगळं होतं. एक जण बांबू आणतो, एक दाखल्याच्या मागं, दोघं पंचगंगा स्मशानात शेणी (गोवऱ्या) लावायला. होळीला आपल्याच मंडळांनी तिथं दान केलेल्या शेणी असतात त्या. रक्षाविसर्जनाची वेळ ग्रुपवर पडते आणि कुणी अंगठा दाखवत नाही, नुसते येतात. तसंच पुराचं. एरवी ज्या ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ चालते, तिथं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की फुलं बंद होतात. ४३ ला, धोक्याच्या पातळीला, तालमीच्या हॉलमध्ये मॅटवर सतरंज्या पडतात आणि भाकरीचा आकडा माझ्याकडं लिहायला येतो. २०१९ चा आकडा मी अजून त्या वहीत ठेवला आहे. प्रोसिडिंगच्या मागच्या पानावर, ठराव नसलेला.

वार्षिक सभेत शेवटी निवडणूक असते. अध्यक्षपदाला तिघं, उपाध्यक्षपदाला पाच, सल्लागार व्हायला तर अख्खी तिसरी पायरी तयार. सेक्रेटरीपदाचं नाव निघालं की सगळ्यांना एकदम भजी आठवतात. मग मागून कुणीतरी म्हणतं, "हाय की ह्योच. अक्षर बरं हाय त्याचं." सूचक मिळतो, अनुमोदक मिळतो, आणि माझी बिनविरोध निवड माझ्याच अक्षरात मला लिहावी लागते. खाली सही घ्यायला वही फिरवावी तर अर्धी सभा चपला शोधत असते, आणि जाता जाता वस्ताद मागं वळून विचारतात,

"किल्ली खिशात हाय न्हवं? उद्या चारलाच ये. माती तळ धराय लागलीया."