सट्टाबाजाराला ट्रम्प यांचा विजय आधीच दिसला होता काय?

५ नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल लागल्यापासून एक दावा या ना त्या रूपात सतत वाचायला मिळतो. त्याचा गोषवारा असा: जनमत चाचण्यांनी कमला हॅरिस जिंकणार म्हणून सांगितले आणि त्या तोंडघशी पडल्या, सट्टाबाजाराला मात्र डोनाल्ड ट्रम्प यांचा विजय आधीच दिसला होता, कारण पदरचा पैसा लावणारा माणूस स्वतःला फसवत नाही, बाजार हा चाचण्यांपेक्षा नेहमीच अचूक असतो, तेव्हा यापुढे चाचण्या मोडीत काढाव्यात आणि फक्त भाव पाहावा. मतदानाला महिना उरला असतानाच इलॉन मस्क यांनी पॉलिमार्केट या सट्ट्याच्या संकेतस्थळाचे आकडे चाचण्यांहून अचूक असल्याचे, आणि त्याचे कारण तेथे खरा पैसा पणाला लागतो हे असल्याचे जाहीर केले होते; निकालानंतर त्या विधानाला जणू सिद्धान्ताचा दर्जा मिळाला. दाव्यात तथ्याचा अंश आहे आणि तो कोठे आहे हे मी पुढे सांगणारच आहे, पण त्या अंशावर रचलेला डोलारा तपासून पाहिला की एकेक खांब निखळू लागतो.

पहिला खांब म्हणजे चाचण्यांनी हॅरिस यांचा विजय वर्तवला हे विधान. असे काही घडलेच नव्हते. देशभरातील चाचण्यांच्या शेवटच्या सरासरीत हॅरिस यांना जेमतेम एका टक्क्याची आघाडी होती, आणि अध्यक्ष देशभरातील एकूण मतांवर नव्हे तर राज्यांना नेमून दिलेल्या इलेक्टोरल मतांवर ठरत असल्याने सर्वाधिक मते मिळूनही अध्यक्षपद हुकू शकते हे हिलरी क्लिंटन यांच्या २०१६ च्या पराभवाने सर्वांना शिकवलेले होते. चाचण्यांच्या आधारे संभाव्यता काढणारे नेट सिल्व्हर यांनी शेवटच्या दिवशी आपल्या गणिती प्रारूपातून निवडणूक ८०,००० वेळा घडवून पाहिली, तेव्हा त्यांपैकी ४०,०१२ वेळा हॅरिस जिंकल्या. ही नाणेफेक आहे, भाकीत नव्हे. पेनसिल्व्हेनियात सरासरी जवळजवळ बरोबरीत होती आणि ट्रम्प तेथे १.७ टक्क्यांनी जिंकले. मिशिगनमध्ये हॅरिस सुमारे एका टक्क्याने पुढे दिसत होत्या आणि १.४ टक्क्यांनी हरल्या. हजार माणसांच्या एका नमुन्यात प्रत्येक उमेदवाराच्या आकड्याला तीन टक्के इकडे-तिकडे होण्याची मुभा गृहीत धरलेली असते, म्हणजे दोघांमधील अंतराला ती जवळपास दुप्पट लागू होते. दोन-अडीच टक्क्यांची चूक ही या साधनाच्या कुवतीतलीच चूक आहे.

कधी या तर कधी त्या पक्षाकडे झुकणारी साती दोलायमान राज्ये एकाच बाजूला गेली आणि ट्रम्प यांना ३१२ विरुद्ध २२६ इलेक्टोरल मते मिळाली, म्हणून चुरस होती हेच खोटे, असाही युक्तिवाद केला जातो. वस्तुतः अशी सात राज्ये सहसा एकत्रच झुकतात. ज्या प्रकारचा मतदार पेनसिल्व्हेनियात चाचणी घेणाऱ्यांच्या हाती लागत नाही, त्याच प्रकारचा मतदार विस्कॉन्सिनमध्ये आणि मिशिगनमध्येही निसटतो, त्यामुळे चूक झाली तर ती सर्वत्र एकाच दिशेने होते. चाचण्या अटीतटीच्या असल्या तरी निकाल अटीतटीचा लागेलच असे त्यामुळे म्हणता येत नाही, आणि हे जाणकारांनी मतदानापूर्वीच लिहून ठेवले होते.

आता तथ्याचा अंश. २०१६, २०२० आणि २०२४ अशा सलग तीन निवडणुकांत चाचण्यांनी ट्रम्प यांचे बळ कमी लेखले, आणि तिन्ही वेळा एकाच बाजूला होणारी चूक योगायोगावर ढकलता येत नाही. २०१६ साली अनेक राज्यांतील चाचण्यांनी नमुन्यात शिक्षणाच्या पातळीचा तोल साधलेला नव्हता. पदवीधर माणसे चाचणीला अधिक उत्साहाने उत्तर देतात आणि ती क्लिंटन यांच्याकडे झुकलेली होती, म्हणून विस्कॉन्सिनमध्ये क्लिंटन पाच-सहा टक्क्यांनी पुढे दिसल्या आणि एका टक्क्याहून कमी फरकाने हरल्या. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया व विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून ७७,७४४ मतांनी तो निकाल ठरला. शिक्षणाचा तोल पुढे बहुतेकांनी दुरुस्त केला, तरी २०२० मध्ये चूक उलट वाढली. प्यू संशोधन केंद्राच्या दूरध्वनी सर्वेक्षणांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद देत असत, २०१८ मध्ये ते प्रमाण ६ टक्क्यांवर आले होते. उरलेले ९४ टक्के या सहांसारखेच आहेत असे मानण्यावाचून चाचणी घेणाऱ्याला गत्यंतर नसते, आणि ट्रम्प यांच्या मतदारांपैकी काहींच्या बाबतीत ते गृहीतक खरे ठरत नाही.

पण येथेच या दाव्याची सर्वांत मोठी विसंगती दिसते. २०२० मध्ये चाचण्यांच्या सरासरीत जो बायडेन देशभरात आठ टक्क्यांच्या आसपास पुढे होते आणि जिंकले साडेचार टक्क्यांनी. विस्कॉन्सिनमध्ये तर आठ टक्क्यांची आघाडी प्रत्यक्षात एका टक्क्याच्याही खाली आली, आणि एका नामांकित चाचणीने तेथे १७ टक्क्यांची आघाडी दाखवली होती. जनमत संशोधकांच्या अमेरिकी संघटनेने नेमलेल्या समितीने ही चाळीस वर्षांतील सर्वांत मोठी चूक असल्याचे नोंदवले. तरीही त्या वर्षी चाचण्या मोडीत काढा अशी ओरड आजच्याइतकी झाली नाही, कारण विजेत्याचे नाव बरोबर निघाले होते. जॉर्जिया, ॲरिझोना आणि विस्कॉन्सिन येथील मिळून ४३ हजारांहून कमी मते फिरली असती, तर २०२० हे चाचण्यांच्या नाचक्कीचे वर्ष म्हणून ओळखले गेले असते. २०२४ मध्ये राज्याराज्यांतील चूक बरीच लहान होती आणि शिव्या मात्र जास्त मिळाल्या. विजेत्याच्या नावावरून साधनाची पारख करणारा माणूस मोजमापाकडे पाहतच नसतो.

सट्टाबाजाराला निकाल ठाऊक होता, हा दुसरा खांब. मतदानाच्या आदल्या दिवशी पॉलिमार्केटवर ट्रम्प यांचा भाव, म्हणजे बाजाराने धरलेली त्यांच्या विजयाची शक्यता, साठ टक्क्यांच्या आसपास होता. ज्याला निकाल ठाऊक आहे तो साठ म्हणत नाही. साठ म्हणजे दहांपैकी चार वेळा हरतील. एकाने नाण्याला पन्नास टक्के दिले, दुसऱ्याने साठ, आणि एकदाच उडवलेले नाणे छापा पडले, एवढ्यावरून दुसरा ज्ञानी ठरत नाही. या दोघांपैकी कोण बरोबर हे बऱ्यापैकी खात्रीने ठरवायला साधारण दीडशे निवडणुका लागतील, म्हणजे चार वर्षांना एक या हिशेबाने सहाशे वर्षे. १७८८-८९ पासून अमेरिकेत अध्यक्षपदाच्या अवघ्या ६० निवडणुका झालेल्या आहेत. त्यातही हाच बाजार, त्याच दिवशी, देशभरात सर्वाधिक मते हॅरिस यांना मिळतील असे ठळकपणे सांगत होता. ती मिळाली ट्रम्प यांना, ४९.८ विरुद्ध ४८.३ टक्के. मिशिगनमध्येही बाजाराचे पारडे हॅरिस यांच्याकडे झुकलेले होते. या चुका दाव्यात कोठेच सापडत नाहीत.

बाजार नेहमीच अचूक असतो, या विधानावर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. २०१६ साली सट्टेबाजांनी क्लिंटन यांना ऐंशी टक्क्यांच्या वर संधी दिली होती, आणि पॅडी पॉवर या आयरिश सट्टा कंपनीने तर मतदानाला तीन आठवडे बाकी असतानाच क्लिंटन यांच्यावर पैसे लावणाऱ्यांना दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊनही टाकली. त्याच वेळी चाचण्यांवर आधारलेल्या सिल्व्हर यांच्या प्रारूपात ट्रम्प यांना सुमारे २९ टक्के होते. (त्याच चाचण्यांतून प्रिन्स्टन विद्यापीठाचे सॅम वँग यांनी क्लिंटन यांना ९९ टक्के दिले होते आणि पैज हरल्यावर दूरचित्रवाणीवर रातकिडा खाल्ला, हेही सांगायला हवे; मात्र तो दोष चाचणीचा नव्हता, चाचण्या एकत्र चुकू शकतात हे न मानणाऱ्या गणिताचा होता.) २०२२ च्या मध्यावधी निवडणुकीत बाजाराला सिनेटवर रिपब्लिकन पक्षाचा ताबा दिसत होता, सिनेट डेमोक्रॅटिक पक्षाकडेच राहिली.

पदरचा पैसा लावणारा स्वतःला फसवत नाही, हे वाक्य ऐकायला भारदस्त वाटते. ७ नोव्हेंबर २०२० रोजी सर्व प्रमुख वृत्तसंस्थांनी बायडेन यांचा विजय जाहीर केल्यानंतरही कित्येक आठवडे माणसे ट्रम्प यांच्यावर खरे पैसे लावत होती. पैसा लावल्याने मनातील इच्छा पुसली जात नाही, तिची किंमत तेवढी ठरते. शिवाय बाजारातला भाव हा लाखो डोक्यांचा कौल असतोच असे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पॉलिमार्केटवर ट्रम्प यांचा भाव चढत होता तेव्हा त्यामागे चार खात्यांतून होणारी प्रचंड खरेदी होती, आणि ती चारही खाती फ्रान्समधील एकाच गुंतवणूकदाराची असल्याचे त्या कंपनीनेच पुढे सांगितले. ज्या अमेरिकी मतदारांबद्दलचा हा सट्टा, त्यांना या संकेतस्थळावर पैसे लावण्याची अधिकृत मुभादेखील नव्हती.

राहिला शेवटचा सल्ला, की चाचण्या मोडीत काढाव्यात आणि भाव पाहावा. भाव कशावरून ठरतो, हे सल्ला देणाऱ्याने पाहिलेले दिसत नाही. २ नोव्हेंबर २०२४ रोजी आयोवा राज्यातील एका अतिशय मानाच्या चाचणीने हॅरिस तेथे तीन टक्क्यांनी पुढे असल्याचे दाखवले, आणि आधीच उतरू लागलेला ट्रम्प यांचा भाव आणखी खाली आला. ती चाचणी साफ चुकीची निघाली. ट्रम्प आयोवात तेरा टक्क्यांनी जिंकले. बाजाराला स्वतःचा स्वतंत्र डोळा असता तर त्याने त्या आकड्याकडे दुर्लक्ष केले असते, पण त्याला तो आकडा खराच वाटला, कारण त्याला दिसते ते चाचण्यांच्याच डोळ्यांनी.

आणि त्या फ्रेंच गुंतवणूकदाराला, ज्याच्या नफ्याच्या आकड्यांवर हा सारा दावा पोसला गेला, इतकी खात्री कशाने वाटली? त्याने स्वतःच्या खर्चाने चाचण्या करवून घेतल्या होत्या. फरक प्रश्नात होता: तुम्ही कोणाला मत देणार, याऐवजी तुमचे शेजारी कोणाला मत देतील असे तुम्हाला वाटते, हे लोकांना विचारले गेले. ट्रम्प यांचे नाव उघडपणे घ्यायला कचरणारा मतदार शेजाऱ्याच्या आडून आपले मन सांगेल, असा त्याचा हिशेब होता, आणि त्या उत्तरांवर विसंबून त्याने कोट्यवधी डॉलर लावले.