नकाशावर वर्तुळ काढा, पेशंट पोचलाच समजा

नाशिक जिल्ह्यात कुणाला दवाखाना लांब पडतो हे शोधायचं काम अंगावर आलंय ना, मग एक गोष्ट आधीच पक्की करा, जिल्हा सपाट आहे. पेठच्या रस्त्याला सावळघाट लागतो वगैरे ड्रायव्हर लोक सांगत बसतील, त्यांना काय क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे करायचं सॉफ्टवेअर, येतं?

लॅपटॉप उघडा, प्राथमिक आरोग्य केंद्राचा ठिपका टाका, भोवती 5 किमीचा बफर, म्हणजे वर्तुळ, मारा, आत जेवढे पाडे आले तेवढ्यांना सेवा मिळाली. मध्ये नदी आली तर येऊ द्या, बफरला पोहता येतं. सुरगाण्याकडं जुलैत फरशी पुलावरून पाणी गेलं की पलीकडची माणसं गरोदर बाईला झोळीत घालून, झोळीचा बांबू खांद्यावर घेऊन, चिखल तुडवत वरच्या वाटेनं फिरून येतात, पण ती वाट तुमच्या नकाशातल्या रस्त्यांच्या लेयरमध्ये नाही म्हणजे ती नाहीच, विषय संपला.

कुणीतरी शहाणा म्हणेल, अंतर नको, वेळ मोजा, जागतिक आरोग्य संघटनेचं अ‍ॅक्सेसमॉड फुकट मिळतं, चढ, नदी, रस्ता सगळं धरून नकाशाच्या एकेका चौकोनातून किती मिनिटं लागतील ते काढतं. खरंय. पण त्यानं नकाशा लाल होतो आणि साहेबांना हिरवा लागतो. अगदीच गळ्याशी आलं तर चालायचा वेग सरसकट ताशी 5 किमी ठेवा, सपाटीला धडधाकट माणसाचा असतो तेवढा, नववा महिना आणि घाटाचा चढ यासाठी वेगळा कॉलम कशाला करताय.

डॉक्टर मोजताना मात्र जपून हं! मंजूर पदं धरायची, भरलेली नाही. आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक केंद्र हवं असा नियम आहे, केंद्राला इमारत आहे, पाटी आहे, आत कोण बसतं हे मॉडेलनं विचारायचं नसतं. आणि 108 ला फोन लावायला रेंज लागते म्हणून टॉवरचा लेयर मागवू नका, उगाच फाइल जड होते.

शहरात तर प्रश्नच नाही, नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत अँब्युलन्स ताशी 40 नं पळवा, सायरन आहे की.

एवढं करूनही कुणी फील्ड व्हेरिफिकेशन मागितलंच तर ते एप्रिलमध्ये उरका. तेव्हा ओढे कोरडे असतात, गाडी सरळ पात्रातून जाते आणि मॉडेलचा वेळ मिनिटाला मिनिट जुळतो.