नर्मदा चढावर वाहत नाही, आणि पाणी उकळूनच प्या

परवा इंदूरच्या रामबागेत आत्याकडे गेलो तर पाणी उकळायचं पातेलं ओट्यावर पालथं. का गं, म्हटलं, तर तिने मोबाईलच पुढे केला. तोच फॉरवर्ड, आठवड्यात मला चार ग्रुपांवर आलेला: पश्चिमेला वाहणारी नर्मदा ही भारतातली एकटीच नदी, तीही चढावर वाहते, विज्ञानाकडे उत्तर नाही, आणि तिचं पाणी कधीच खराब होत नाही म्हणून उकळू नका. इथे नळाला नर्मदेचंच पाणी, आणि घरात सव्वा वर्षाची नात आहे हो!

एकटीच कशी? तापी मुलताईला उगम पावून सुरतेकडे जाते, ती कुठे वाहते मग? मही तर आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यातली, तीही शेवटी खंभातच्या आखातातच जाते. द्वीपकल्पातल्या पश्चिमेला जाणाऱ्या नद्यांत नर्मदा सगळ्यात लांब, एवढं मान्य.

चढावर म्हणे! नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचे आकडे बघा, अमरकंटकला उगम 1057 मीटरवर, तिथून 1312 किलोमीटर जाऊन भरूचच्या पुढे समुद्र, म्हणजे शून्य, चढ आला कुठून? विंध्य आणि सातपुड्याच्या मधली जमीन खचलीये, त्या खाचेतून ती उतरत जाते. शोणभद्रावर, म्हणजे सोन नदावर, रुसून पश्चिमेला निघाली ही गोष्ट मलाही आजीनेच सांगितलीये आणि मला ती फार आवडते, पण त्यातही ती डोंगर चढत नाही.

ती चढते फक्त इंदूरच्या पाइपात. मंडलेश्वरजवळ जलूदला नदी दीडशे मीटरच्या आसपास, आपलं शहर साडेपाचशेवर, मधे विंध्याचा घाट, पंपांनी ढकलत सत्तर किलोमीटर आणावं लागतं. 1970 साली लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे हे मिळालं. आणि जलूदला ते आधी फिल्टर होतं, क्लोरीन पडतं, पाणी खराबच होत नसतं तर हा खटाटोप कशाला केला असता? पुढे गल्लीतल्या जुन्या लायनी ड्रेनेजला चिकटून, त्यात पाणी एक दिवसाआड, लाइन रिकामी झाली की जिथे लीकेज असेल तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. "नर्मदा आली" अशी हाक आली की आत्या स्वतः पहिली बादली गढूळ म्हणून झाडांना घालते, रोज बघते ती हे, तरी फॉरवर्डवर विश्वास!

पातेलं सुलटं केलं, गॅसवर ठेवलं आणि खळखळ उकळी येऊन पाच मिनिटं होईपर्यंत तिथेच उभा राहिलो. ज्यांनी तिला हे पाठवलं त्यांनी आजच त्याच ग्रुपवर लिहा, की पाणी उकळूनच प्या.