कपाटाची किल्ली

15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेले होते. सतरंजीवर पुस्तकं मांडलेली, पोरं पालथी पडून वाचत होती. घंटा झाली, पुस्तकं कपाटात गेली, कुलूप लागलं. चौथीतल्या एका मुलीचं अर्ध्यावर राहिलेलं. "सर, घरी नेऊ? उद्या आणते." सर गप्प.

नंतर त्यांनी मला दोन वह्या दाखवल्या. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तक, किंमत, तारीख, सही, सगळं चोख. देवघेव वहीत, म्हणजे कुणी कुठलं पुस्तक घरी नेलं ते लिहायच्या वहीत, चार नोंदी, पुढे कोरी पानं. "ताई, पुस्तक हरवलं तर तपासणीत उत्तर मी द्यायचं. शिक्षक दोन, वर्ग चार, वर पोषण आहाराचा हिशोब. देवघेव कोण बघणार?"

सरांचा राग नाही आला. कायद्याचा आला.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट वाचा. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं, अगदी गोष्टींचीसुद्धा. किती मुलांमागे किती शिक्षक, वर्षाचे दिवस किती, हेही मोजून दिलंय. ग्रंथपालाचा मात्र उल्लेख नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पुस्तकांसाठी अनुदान येतं, म्हणजे कपाट भरतं. ते उघडायचं कुणी? राज्याचा 1967 चा ग्रंथालय कायदा आहे तो सार्वजनिक वाचनालयांसाठी. आणि याच मातीत कोल्हापूर संस्थानानं 1945 सालीच ग्रंथालय कायदा केला होता, मद्रासच्या ग्रंथालय कायद्याच्या तीन वर्षं आधी!

माझं मागणं मोठं नाही. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांना मिळून एक फिरता ग्रंथपाल द्या. आणि मुलांच्या हाताळण्यानं फाटलेलं किंवा हरवलेलं पुस्तक शिक्षकाच्या अंगावर येणार नाही, ठराविक मर्यादेपर्यंत ते सरळ निर्लेखित होईल, म्हणजे नोंदवहीतून कमी होईल, असं नियमात स्पष्ट लिहा. दुसरी गोष्ट करायला तर पैसाही लागत नाही. ही भीती गेली तर निम्मी कुलपं उद्याच निघतील असं मला मनापासून वाटतं.

शासन करेल तेव्हा करेल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेही कायद्यानंच. पुढच्या सभेत देवघेव वही मागा. आमच्याकडे मागितली, ठराव झाला, आणि आता दर शनिवारी किल्ली माझ्याकडे असते. त्या मुलीनं पहिल्याच शनिवारी तेच पुस्तक नेलं. सोमवारी परत आणलं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून.