सेन्सर चांगला होता, चूक आमची होती

नमस्कार सर,

गॅरेजचा मालक स्वतः लिहितोय. तुमची तक्रार थोडक्यात अशी: गाडी लिम्प मोडमध्ये (बिघाड दिसला की इंजिन वाचवायला ताकद कमी केली जाते, त्यात) जात होती, आम्ही स्कॅनर लावून सेन्सर बदलला, पैसे घेतले आणि चौथ्या दिवशी चढावर पुन्हा इंजिनचा दिवा लागला, आरपीएम ३००० च्या वर जाईना. तिसऱ्या खेपेला फाटका पाइप निघाला. ‘अंदाजपंचे पार्ट बदलतात’ असं तुम्ही लिहिलंय. वाचून झोंबलं, पण या कामाबाबत ते खोटं नाही.

जॉबकार्ड काढून बघितलं. पहिल्या दिवशी स्कॅनरवर बिघाडाचा कोड होता पी०२९९, म्हणजे टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या भागाचा) दाब पाहिजे तेवढा मिळत नाही. कोड एवढंच सांगतो. का मिळत नाही, ते शोधायचं काम आमचं. आमच्या पोराने कोड वाचला आणि दाब मोजणारा सेन्सरच बदलून टाकला. तो बिचारा बरोबर सांगत होता की दाब कमी आहे. खरं बोलणाऱ्यालाच आम्ही घरी पाठवलं!

टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपला क्लॅम्पजवळ, खालच्या अंगाला, बोटाच्या पेराएवढी चीर होती. गाडी उभी असताना ती मिटलेली, वरून बघितलं तर पाइप धडधाकट. मी हाताने पिळला तेव्हा चीर ओठासारखी उघडली. भोवती तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ. नजर तिथे आधीच जायला हवी होती. निदान पाइपात धूर सोडून गळती तपासायची, ते न करता आम्ही पार्ट मागवला. आणि सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे ‘ॲक्सिलेटर दाबला की फुस्स आवाज येतो’ हे तुम्ही काउंटरवर सांगितलं होतं. कार्डावर कोणी लिहिलंच नाही.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. ‘गाडी बंद करून चालू केली की नीट चालते, म्हणजे बिघाड सॉफ्टवेअरचाच होता, पाइपही उगाच बदलला’ असं तुम्ही म्हणता. चालू-बंद केल्यावर इंजिनचा कॉम्प्युटर नव्याने तपासायला लागतो. सपाट रस्त्यावर हळू चालवताना दाब फारसा लागतच नाही, म्हणून चीर जाणवत नाही. चढ आला, पाय दाबला, की दाब अपुरा पडतो आणि कॉम्प्युटर इंजिन सांभाळायला ताकद पुन्हा कमी करतो. चौथ्या दिवशी नेमकं हेच झालं.

दुसऱ्या खेपेला येण्याआधी तुम्ही घरच्या छोट्या स्कॅनरने कोड पुसला होता. दोष तुम्हाला देत नाही, दिवा बघून कोणाचाही हात शिवशिवतो. पण दिवा लागला तेव्हा आरपीएम किती, वेग किती, इंजिनवर भार किती, ही नोंद कोडसोबतच पुसली जाते. ती असती तर तिसरी खेप कदाचित टळली असती.

सेन्सरचे आणि तो बसवण्याच्या मजुरीचे पैसे परत करतोय. पाइपचं बिल तेवढं राहील. यापुढे टर्बोच्या दाबाचा कोड आला की आधी पाइप तपासायचे, पार्ट नंतर, असं मुलांना सांगितलंय. ग्राहक बोलेल ते त्याच्याच शब्दांत कार्डावर उतरवायचं, हेही.

तुमचा जुना सेन्सर पुडीत बांधून ठेवलाय. चांगला आहे, येऊन घेऊन जा.